तक्त्याची कापलेली ओळ

सूर्यभान ढाकणेला शिक्षण विचारलं की तो म्हणायचा, "तिसरी पास आन् चौथीत ऊस." चौथीच्या वर्षी त्याच्या आईबापांनी कोयता उचलला. पाथर्डीकडचं कोरडं रान मागं ठेवून, बैलगाडीत भांडी, एक शेळी आणि हा, असे ते आमच्या भागात ऊस तोडायला आले. शाळा सुटली ती सुटलीच. एकोणिसाव्या वर्षी तो आमच्या साखर कारखान्यात पॅनच्या मजल्यावर झाडू मारायला लागला आणि पस्तिशीत त्याच मजल्याचा मुख्य पॅनमन झाला.

मी कानिफनाथ. बी.एस्सी. केमिस्ट्री. त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. राहायला कोल्हारला, मोटरसायकलवर जाऊन-येऊन करतो. कारखान्याचं नाव विचारू नका, अजून तिथलंच खातोय. तर मी बी.एस्सी. आणि तो तिसरी पास, पण आम्हा दोघांत जास्त कुणाला कळतं, हे मला पहिल्या वर्षातच समजलं होतं. कबूल मात्र कधी केलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. मी चुकत नाही असं मला वाटतं, आणि बायको म्हणते, वाटतं तेवढंच.

पॅन म्हणजे खोलीएवढं बंद भांडं. आत वाफेवर पाक आटत असतो आणि त्यात साखरेचा दाणा धरत असतो. किती आटवायचं, कधी थांबायचं, कधी खाली सोडायचं, हे पॅनमन ठरवतो. भांड्याच्या पोटात एक दांडी घालून तो थोडा माल काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरून दाणा बघतो. सगळेच पॅनमन असं करतात. सूर्यभान पट्टी बघून झाल्यावर तोच माल अंगठा आणि पहिल्या बोटात चोळायचा. दोनदा, हळू. मग म्हणायचा, "बसला," किंवा म्हणायचा, "आजून न्हाई." त्याच्या ह्या दोन शब्दांवर आख्खी पाळी चालायची.

त्या अंगठ्याला तो फार जपायचा. हंगामात विळा धरायचा नाही, मिरची निवडायची नाही, तंबाखू मळायचं तर नावच नको. गावाकडची मंडळी थट्टा करायची, की सूर्यभानचा अंगठा कारखान्याच्या मालकीचा हाय. तो हसायचा. खरंच होतं ते, काय खोटं होतं?

आता माझ्याकडचं सांगतो. लॅबच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी हँडबुक आहे. त्याचा पुठ्ठा कधीच गेला, मी त्याला साखरेच्या पोत्याचं कापड शिवून घेतलं. आत नुसते आकडे. कुठला पदार्थ किती अंशाला उकळतो, कुठला पाण्यात किती विरघळतो, कुठल्याची घनता किती. पानंच्या पानं ओळी आणि रकाने. नव्या माणसाला बघून घेरी येते. मला मात्र ते पुस्तक उघडलं की बरं वाटायचं. बाहेर सगळ्या गोष्टींवर वाद. कुणाचा ऊस आधी तुटणार यावर वाद, कुणाचा पाहुणा कामाला लागणार यावर वाद. पुस्तकात वाद नाही. एक बोट डाव्या रकान्यावर ठेवायचं, दुसरं वरच्या ओळीवर, दोन्ही बोटं जिथं भेटतील तो आकडा खरा. विषय संपला.

त्यातलं एक पान आम्हाला रोज लागायचं. साखर काढून झाली की जो काळा चिकट पाक उरतो ती मळी. मळीत साखर जितकी कमी राहील तितकं पॅनचं काम चोख. ते तपासायचं तर आधी मळी किती घट्ट आहे ते मोजावं लागतं. त्यासाठी काचेची एक बंद नळी असते, तिला आम्ही स्पिंडल म्हणतो. बुडाला शिसं, वर आकड्यांची पट्टी. द्रव घट्ट असेल तर ती वर तरंगते, पातळ असेल तर खाली जाते. पण गरम झाल्यावर घट्ट द्रवही सैल पडतो आणि नळी कमी दाखवते. मग थर्मामीटर बघायचं, आणि त्या तापमानाला किती मिळवायचं ते तक्त्यातून घ्यायचं. काम एवढंच. पण दिवसातून वीस-वीस वेळा.

त्या पानाची घडी उलगडून उलगडून चिंध्या व्हायला आल्या, तेव्हा मी त्याची झेरॉक्स काढली आणि कोल्हारच्या दुकानात लॅमिनेशन करायला दिली. प्लास्टिकच्या पाकिटात कागद मावेना. दुकानदार म्हणाला, वरची पट्टी कापू का? मी बघितलं, वर नुसता मथळा होता. आकडे शाबूत राहिले म्हणजे झालं. काप म्हणालो. तो तक्ता मी बेसिनच्या वर भिंतीला लावला. त्याला वीसेक वर्षं झाली असतील. पुढं पुढं तर मला बघायचीही गरज पडेना, आकडे तोंडपाठ झाले.

पाळी संपली की सूर्यभान हातपाय धुऊन लॅबच्या दारात यायचा. आत यायचा नाही, काचा फुटतील म्हणायचा. दारातूनच विचारायचा, मळी किती? मी म्हणायचो, तू सांग. तो म्हणायचा, एकतीसच्या आत. आणि मी हिशेब करून बघितलं की तीस पूर्णांक आठ, तीस पूर्णांक नऊ. मळीतल्या साखरेचं हे प्रमाण आमच्याकडे एकतीसच्या आत राहिलं की सगळे खूश. त्याचं बोट आणि माझं पुस्तक इतकी वर्षं एकच सांगत आले. मला वाटायचं, बोटाला पुस्तकाचा आधार आहे. उलटंही असू शकतं हे कधी डोक्यात आलं नाही.

गेल्या हंगामात दसऱ्यानंतर सूर्यभानच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर घरी राहून तो परत आला. त्याच सुमारास लॅबमधलं घट्टपणा मोजायचं डिजिटल यंत्र बिघडून पुण्याला दुरुस्तीला गेलं, ते गेलंच. जुन्या स्पिंडल एकेक करत फुटल्या होत्या. स्टोअरने नव्या अर्धा डझन मागवल्या. चकचकीत, बारीक आकड्यांच्या, कापसात गुंडाळलेल्या. मी एक उघडली, धुतली, मळीच्या पाण्यात सोडली, भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे मिळवणी केली, हिशेब केला. बत्तीस.

मी परत केला. बत्तीसच. दुसऱ्या दिवशी एकतीस पूर्णांक नऊ. तिसऱ्या दिवशी तेच. आठ दिवसांत चीफ केमिस्टांनी पॅनच्या मजल्यावर जाऊन सूर्यभानला विचारलं, की मळीत एवढी साखर का जातेय? तो म्हणाला, जात नाही. चीफ केमिस्ट म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तुमचं? बस्स. एवढं वाक्य पुरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यात झालं, की सूर्यभानची नजर गेली, त्याला आता दाणा दिसत नाही.

तो लॅबच्या दारात आला तेव्हा मी त्याच्याशी नीट बोललोही नाही. मला वाटलं, माणूस थकतो, मान्य करावं. त्याने विचारलं, पुन्हा एकदा बघता का? मी म्हणालो, तीनदा बघितलंय. आणि खरंच बघितलं होतं. तीनही वेळा त्याच स्पिंडलने आणि त्याच तक्त्याने बघितलं होतं, त्याला काय अर्थ आहे? पण हे आत्ता कळतंय.

जानेवारीत त्याला कार्यकारी संचालकांच्या केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं, रजिस्टर घेऊन. सूर्यभान टोपी हातात घेऊन उभा. साहेबांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माल कोरडा उतरतोय सायेब. मळीत साखर न्हाई. मी बोटानं बघतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आकडे पक्के आहेत का, म्हणाले. मी रजिस्टर उघडलं आणि एका महिन्याचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. बत्तीस, एकतीस पूर्णांक आठ, बत्तीस, एकतीस पूर्णांक नऊ. वाचताना मला, खरं सांगतो, बरंच वाटत होतं. एवढ्या मोठ्या केबिनमध्ये माझ्या रजिस्टरला कुणी मान दिला नव्हता. वाचून झालं. पक्के आहेत, म्हणालो.

सूर्यभान माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "कानिफराव म्हनत्यात म्हंजी तसंच आसंल."

त्याला पॅनवरून काढून ऊसयार्डात बसवलं. तोडणीच्या टोळ्या गाड्या घेऊन येतात, त्यांची रांग लावायची, बैल बाजूला घ्यायला सांगायचं, असलं काम. त्या टोळ्या कुठल्या? त्याच्याच भागातल्या. त्याचे चुलते-मामे, भावकीतली पोरं. आपला सूर्यभान वर पॅनवर साखर पाडतो म्हणून सांगणारी माणसं. ती वाकून विचारायची, की दादा, तू हितं कसा? पंधरा दिवस त्याने ते काढलं. सोळाव्या दिवशी राजीनामा देऊन गावाकडे गेला. मला भेटला नाही. मीही अडवायला गेलो नाही.

त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. आकडा तरी उतरला का? नाही. बत्तीसचं बत्तीसच. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण सगळे म्हणाले, सूर्यभानने बिघडवलेला माल अजून आत फिरतोय, वेळ लागेल. मलाही ते पटलं. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं. मार्चमध्ये हंगाम संपला आणि विषयही संपला.

ह्या हंगामात कारखाना सुरू होऊन आठवडा झाला होता. मी ड्रॉवरमध्ये रबरी बूच शोधत होतो. तळाशी कापसात एक जुनी स्पिंडल निघाली, न फुटलेली. म्हटलं, चला, एक वाढली. धुतली आणि सहज, काही मनात नसताना, समोरच्या नळकांड्यात नव्या स्पिंडलशेजारी सोडली. एकच द्रव, एकच भांडं, एकच वेळ. आणि दोन्हींत अर्ध्या अंशाचा फरक.

मला वाटलं, नवी खराब असेल. दुसरी नवी सोडली. तीही पहिल्या नवीसारखीच. मग मी चष्मा काढून, नळी डोळ्याजवळ आणून बघितली. आकड्यांच्या पट्टीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, वीस अंश. जुनीवर होतं साडेसत्तावीस अंश. म्हणजे ही नळी बनवतानाच वीस अंश तापमानाला जुळवलेली. आपल्याकडच्या स्पिंडल बहुतेक साडेसत्तावीसच्या असतात, कारण आपली हवाच गरम. स्टोअरने दुसऱ्याच कुणाकडून आणल्या, आणि मी, तीस वर्षं हेच काम करणारा केमिस्ट, नळीवरचं वाचलंच नाही.

नळ्या तशाच सोडून मी कपाटाकडे गेलो. कपाट उघडलं, ते पोत्याच्या कापडाचं हँडबुक काढलं. माझं पान उघडलं. वर मथळा होता, मी कापून टाकलेला, ठळक अक्षरांत. साडेसत्तावीस अंशांच्या स्पिंडलसाठी. आणि समोरच्या पानावर तसाच दुसरा तक्ता, वीस अंशांच्या स्पिंडलसाठी. इतकी वर्षं ते पान माझ्या समोर होतं आणि मला कधी लागलंच नव्हतं. ते कोरं करकरीत होतं.

मळी फार घट्ट असते म्हणून आम्ही तिच्यात पाचपट पाणी घालतो आणि आलेला आकडा शेवटी सहाने गुणतो. अर्ध्या अंशाची चूक सहाने गुणली की तीन अंश. आणि तीन अंश कमी धरले की मळीतली साखर असते त्यापेक्षा टक्काभर जास्त दिसते, कारण साखरेला घट्टपणाने भागूनच ते प्रमाण निघतं. मी गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं आणि सगळे दिवस नव्याने मांडले. तीस पूर्णांक नऊ. तीस पूर्णांक सात. तीस पूर्णांक आठ. तीस पूर्णांक नऊ. माणसाचं बोट रोज बरोबर होतं. एक दिवस सुद्धा चुकलं नव्हतं.

त्या दिवशी घरी गेलो तर बायकोने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी त्यांच्याकडं जा." मी म्हणालो, रिकाम्या हाताने कसा जाऊ? कारखान्याचं पत्र घेऊन जातो, की ढाकणे यांची चूक नव्हती, त्यांना कामावर परत घेत आहोत. काय डोंबलाचं पत्र! तिचं ऐकायला हवं होतं.

चीफ केमिस्टांना दोन्ही नळ्या दाखवल्या. त्यांना लगेच समजलं, हुशार माणूस आहे. म्हणाले, आजपासून योग्य तक्ता वापरा. मी म्हणालो, आणि मागचं? ते म्हणाले, मागच्या हंगामाचा अंतिम अहवाल केव्हाच वर गेला, तो आता बदलता येत नाही. आणि ढाकणेंना काढलेलं कुठं आहे, त्यांनी स्वतःहून राजीनामा दिलाय. कागदावर त्यांच्या नावाला डाग नाही. हे सगळं ते अगदी शांतपणे म्हणाले.

कार्यकारी संचालकांकडे गेलो. ते म्हणाले, तुम्ही स्वतःच अडकाल. मी म्हणालो, अडकू द्या, माझ्यावर कारवाई करा, मला नोटीस द्या, पण त्या माणसाला बोलवा. ते हसले. म्हणाले, कानिफराव, एवढं मनाला लावून घेऊ नका, होतं असं. मी लेखी अर्ज दिला. आवक क्रमांक मिळाला. पंधरा दिवसांनी विचारलं, तर फाईल वर आहे. महिन्याने विचारलं, तर फाईल खाली आलीय, पण अर्ज तिच्यात दिसत नाही. मी परत दिला. मला शिक्षा द्यायलासुद्धा कुणी तयार नव्हतं. चूक झाली होती आणि ती ठेवायला आख्ख्या कारखान्यात जागा नव्हती.

ह्याच्यावर कडी ऐका. योग्य तक्ता वापरायला लागलो, त्या दिवसापासून मळीचा आकडा एकतीसच्या आत आला. यायचाच. पण मजल्यावर ह्या वर्षी सोलापूरकडचा नवा पॅनमन आला होता. भला माणूस, त्याचा काही दोष नाही. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, टाळ्या. मळीतली साखर एका टक्क्याने वाचवली म्हणून. माइकवर आकडा सांगितला, तो माझ्या रजिस्टरमधला होता. मी रांगेत उभा होतो. टाळ्या मीही वाजवल्या, शेजारचे बघत होते म्हणून. त्याची मला अजून लाज वाटते.

मग पुढच्याच रविवारी निघालो. पिशवीत हँडबुक, दोन्ही स्पिंडल टॉवेलमध्ये गुंडाळून, थर्मामीटर, काचेचं नळकांडं. कोल्हारहून नगर, नगरहून पाथर्डी, तिथून जीप. नळकांडं सगळी वाट मांडीवर धरून होतो. पत्र नव्हतं तर नव्हतं, म्हटलं पुरावा तरी आहे.

पत्र्याचं घर, पुढं ज्वारीचं रान. सूर्यभान बाजेवर बसला होता. वाळला होता. मला बघून उठला, आणि त्याला आनंद झाला. झाला, खरंच, मी बघितला. बायकोला, रतनबाईंना, हाक मारून सांगितलं, की कानिफराव आलेत, चहा टाक. तो आनंद मला सहन होईना. मी बसलोच नाही. म्हणालो, आधी एक बघ, मग चहा.

रतनबाईंकडून साखर मागितली, पाण्यात विरघळवली, नळकांड्यात ओतली आणि दोन्ही नळ्या सोडल्या. सूर्यभान वाकून बघू लागला, एक डोळा बारीक करून. एक नळी थोडी वर, एक थोडी खाली. मी हँडबुक उघडलं. हे पान, हे समोरचं पान. ह्या नळीला हा तक्ता, त्या नळीला तो. मी हा वरचा मथळा कापला. मी नळीवरचं वाचलं नाही. तुझे सगळे दिवस मी नव्याने मांडलेत, हे बघ, सगळे एकतीसच्या आत. तुझा माल बरोबर होता, सूर्यभान. चूक माझी होती, सगळी माझी. हे मी तीनदा सांगितलं.

तो बाजेवर बसला. त्या पानाकडे बघत होता. इंग्रजी त्याला वाचता येत नाही.

"येवढ्या लांब आलात, येवढं सामान घिऊन," तो म्हणाला. "माझ्यासाठी येवढं कुनी केलं न्हाई, कानिफराव. पर खोटं कशापायी बोलता? तुमचं चुकत न्हाई, हे लहान पोराला बी ठावं हाय."

मी म्हणालो, खोटं नाही रे, समोर दिसतंय ना तुला, दोन नळ्या, दोन आकडे. तो म्हणाला, दिसतंय. पण तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला दाखवायचं म्हटलं तर काहीही दाखवता येतं. हे तो मला टोचायला नाही म्हणाला. माझी समजूत घालत होता तो. मला वाईट वाटू नये म्हणून.

मग त्याने आपणहून सांगितलं. मागल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला श्रीगोंद्याकडे त्याच्या मेव्हण्याने गुऱ्हाळ घातलं होतं. भावजी पॅनमन म्हणून त्याला मुद्दाम बोलावून नेलं, गूळ कधी उतरवायचा ते सांगायला. कढई तापली. सूर्यभानने पाक घेतला, बोटात चोळला.

"हातानं लगेच सांगितलं, उतरवा," तो म्हणाला. "मी म्हनलं, ह्या हाताचं आता आयकायचं न्हाई. थांबा म्हनलं. थोडं थांबलो, आनखी थोडं थांबलो. आख्खी कढई करपली. काळी झाली पार."

मी एकदम पुढं सरसावलो. म्हणालो, अरे, म्हणजे हात बरोबर होता! तेव्हाही बरोबर होता, करपायच्या आधीच त्याला कळलं होतं.

सूर्यभानने मान हलवली. "आसंल बरोबर," तो म्हणाला. "पर मला त्याचं आता पटत न्हाई. तुमी केबिनमदी वाचलं ना, तवापासून न्हाई पटत."

आता ह्याचा तक्ता कुठल्या पुस्तकात बघणार? मी हँडबुक मिटलं. दोन्ही नळ्या बाहेर काढल्या, पुसल्या, टॉवेलमध्ये गुंडाळल्या. त्याने नळकांडं धरून मदत केली.

रतनबाईंनी चहा आणला. सूर्यभानने कप घेतला, एक घोट घेतला आणि थांबला. रतनबाईंकडे बघून म्हणाला, "बरोबर हाय का गं?" त्या म्हणाल्या, बरोबर हाय, प्या. मग तो प्याला.

परतीच्या जीपला उशीर होता. रतनबाई मला रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या, पिशवी त्यांनीच घेतली होती. मी विचारलं, की वहिनी, चहाचं काय विचारत होता तो?

"साखर बरोबर हाय का, ते इचारत्यात," त्या म्हणाल्या. "चहा प्याले तरी मला इचारत्यात, भाऊजी. भाजी खाल्ली तर मीठ हाय का ते मला इचारत्यात. त्येंच्या जिभंला बी कळत आसंल, पर त्येंचा इस्वास न्हाई."

जीप आली. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि काचा जपून न्या म्हणाल्या.